फिशिंग ८२: चूक तिसऱ्या मात्रेत होती

मंडळी, ओल्ड स्कूल रूनस्केप या ऑनलाइन खेळात माझी मासेमारीची, म्हणजे फिशिंगची, ब्याऐंशीवी पातळी लागली. काल रात्री सव्वाअकराला, ऑटो नावाच्या पात्राच्या गुहेपुढच्या काठावर, एका स्टर्जन माशाने २४,२१,०८७ एक्सपीचा (अनुभवगुणांचा) आकडा पार करून दिला. फटाके उडाले तेव्हा मी नेमकी चहाचा कप उचलत होते, त्यामुळे स्क्रीनशॉट नाही. विश्वास ठेवा.

पण ब्याऐंशीचं कौतुक एवढंच. मागच्या दोन नोंदींत मी जे रडगाणं गायले होते, की पुण्यात बसून थ्री-टिक (खेळाच्या दर तीन ठोक्यांना, म्हणजे टिकांना, मासा मारायची युक्ती) जमणं शक्य नाही, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) आडवा येतो, ते सगळं परत घेते. पिंग निर्दोष सुटला आहे. ब्रॉडबँडवाल्या पोऱ्यालाही मी मनातल्या मनात सॉरी म्हटलंय. तोंडावर नाही म्हणणार, कारण त्याने दोनदा ‘येतो’ सांगून टांग दिली होती.

गणित तुम्हाला पाठ आहे, तरी मांडते, कारण माझी सगळी चिडचिड त्यातच आहे. साध्या पद्धतीत दर पाच टिकांनी एकदा ठरतं की मासा लागला की नाही. टिक ०.६ सेकंदाचा, म्हणजे तासाला ६,००० टिक आणि १,२०० संधी. ग्वाम-टार करून (ग्वाम हा पाला टारवर, म्हणजे डांबरावर, लावायचा आणि लगेच स्पॉटवर, म्हणजे माशांच्या जागेवर, क्लिक करायचा) तेच तीन टिकांवर आणलं की २,००० संधी. दीडपटीच्याही वर. माझा साधा वेग तासाला ४८ हजार एक्सपीच्या आसपास, तेव्हा थ्री-टिकने चुकतमाकत का होईना, पाऊण लाख ओलांडायलाच हवा होता. मी कुठे होते? ५२ हजारांवर. मनगट भरून येईपर्यंत माऊस बडवायचा आणि हाती काय, तर चार हजार. त्यापेक्षा साधं मासे मारत बसून बाजूला भाजी निवडली असती.

पहिला संशय अर्थातच लाइनवर. तपकीर गल्लीतून नवी लॅन केबल आणली. (तिथे दुकानदाराने ‘गेमिंगची केबल’ म्हणून एक लाल वेणी घातलेली चौपट किमतीची केबल पुढे केली. साधी घ्या. वेणीने पिंग कमी होत नाही.) वर्ल्ड (खेळाचे वेगवेगळे सर्व्हर) बदलून पाहिली. जर्मनीच्या वर्ल्डवर १४० च्या घरात पिंग मिळतो, ब्रिटनवर थोडा जास्त. ६०० मिलिसेकंदांच्या टिकात १४० काही फार नाहीत, क्लिक जरा आधी करायचा इतकंच. हे कळत होतं, पण वळत नव्हतं.

मग रूनलाइटचा (ज्या प्रोग्राममधून मी हा खेळ खेळते त्याचा) मेट्रोनोम, म्हणजे टिकांचे ठोके वाजवणारी सोय, लावला. इथे एक मत नोंदवून ठेवते: हा मेट्रोनोम पुण्यातल्या पावसाळी संध्याकाळी कुचकामी आहे. तो टिक वाजवतो तो टिकाची खबर आपल्या मशीनपर्यंत पोचल्यावर, आणि संध्याकाळी आमच्या लाइनवर खबर कधी लगेच येते, कधी अडखळत. टक, टक, ट-टक. त्याच्या मागे हात धावायला लागला की संपलंच.

वर आमचं घर नारायण पेठेत, खिडकी नदीकडे. सहा वाजले की नदीपात्रात ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू. मला ढोल आवडतो, विसर्जनाच्या दिवशी मीच सर्वांत पुढे असते, पण त्यांचा ठोका चारात आणि माझा तीनात. ताशा कडकडला की माझा ग्वाम टारवर न पडता जमिनीवर पडायचा. एकदा बार्बेरियन रॉडच (माझा गळ) टाकून दिला आणि रिकाम्या हाताने स्पॉटवर क्लिक करत बसले.

आता खरा पेच. थ्री-टिकमध्ये चूक मोजायची एक सोय आपोआप मिळते. ग्वाम टारवर लावला आणि स्पॉटवर वेळेत क्लिक झाला नाही, तर मिश्रण खरोखरच तयार होतं: एक ग्वाम जातो, पंधरा टार जातात, ग्वाम-टारचा ढीग वाढतो. म्हणजे किती ग्वाम कमी झाले ते पाहिलं की तितक्या वेळा ताल चुकला. माझे शंभरात चार-पाचच जात होते! तीन आठवडे मी या आकड्यावर खूश होते. हात बसलाय, नशीब खराब आहे, सर्व्हर खराब आहे. स्पॉटवरचा क्लिक वेळेत पोचतोय हा पुरावा बॅगेत पडून होता, आणि मी लाइनमनला फोन लावत होते.

त्याहून विचित्र म्हणजे, जितकी मी अचूक व्हायचे तितके मासे कमी. दमून, पेंगत, हात मागे पडत खेळलेल्या अर्ध्या तासात जास्त एक्सपी. सकाळी ताज्या डोक्याने, पाठ ताठ ठेवून खेळले की कमी. हे मी आईला सांगितलं. आमच्या घरात मासे शिजत नाहीत, तिला या खेळाचं आधीच कोडं आहे. म्हणाली, ‘पकडतेस आणि लगेच टाकून देतेस. त्या माशांनाच कंटाळा आला असेल.’

सोडवलं ते वरच्या मजल्यावरच्या काकांनी. काका तबला शिकवतात. रविवारी मेंटेनन्सची पावती द्यायला आले, तेव्हा मी तोंडाने एक-दोन-तीन, एक-दोन-तीन म्हणत माऊस आपटत होते. दोन मिनिटं मागे उभे राहून बघितलं त्यांनी.

‘काय लय आहे ही?’

‘मिनिटाला शंभर, काका. तीन-तीनचं आवर्तन.’

‘मग तीन कशाला मोजतेस? दादरा धर की. सहा मात्रा. धा धी ना, धा ती ना. तीनच मोजलेस तर दर वेळी पहिली मात्रा, म्हणजे सम, येते, हाताला श्वास कुठे घ्यायचा ते कळत नाही.’

हे मला का सुचलं नव्हतं! ६० भागिले ०.६, बरोब्बर १००. गिलेनोरचं, म्हणजे या खेळातलं, अख्खं जग शंभराच्या लयीत चालतं आणि थ्री-टिक म्हणजे अर्धा दादरा. काकांनी त्यांचा जुना इलेक्ट्रॉनिक तबला आणून दिला (खोका, दोन गोल बटणं, एकाची लय थोडी सरकते, पण आवाज गोड), दादरा लावला, शंभरावर नेला. मला म्हणाले, आता बोल म्हणत कर, आणि कुठल्या मात्रेला हात काय करतो ते मोठ्याने सांग.

मी सांगायला लागले. धा: ग्वाम टारवर. धी: स्पॉट. ना: मासा टाकते.

‘आणि मासा लागतो कधी?’

मी गप्प. कारण मासा लागतो तो नेमका त्या ‘ना’च्या शेवटाला, पुढची सम यायच्या आत. आणि वस्तू खाली टाकली की चालू काम तुटतं, हे मला टुटोरियल आयलंडपासून माहीत असायला हवं. तिसरी मात्रा रिकामी दिसते म्हणून मी मोठ्या हुशारीने मासे टाकायचं काम तिथे बसवलं होतं. हात अचूक असला की टाकणं बरोबर तिसऱ्या मात्रेत पडायचं आणि मासेमारीचा गळा कापायचं. हात मागे पडला की टाकणं घसरून पुढच्या समेवर जायचं, तोवर मासा लागून गेलेला असायचा. म्हणून पेंगताना जास्त मासे!

जाणते म्हणतील, सगळीकडे लिहिलेलं आहे की टाकायचं ते टार लावल्यावर, स्पॉटच्या आधी. हो, लिहिलेलं आहे. मी वाचलंही होतं. पहिल्या दिवशी तसंच केलं, समेवर तीन क्लिक जमेनात, म्हणून स्वतःची ‘सुधारणा’ केली आणि नंतर विसरून गेले की ती सुधारणा माझी होती.

आता माझी बंदिश अशी आहे. पहिल्या ‘धा’ला फक्त ग्वाम-टार. ‘धी’ला स्पॉट. ‘ना’ला हात माऊसवरून चक्क उचलायचा, बोट बटणावर नकोच. मग खालीच्या, म्हणजे चौथ्या मात्रेच्या, ‘धा’ला ग्वाम-टार आणि लगेच शिफ्ट दाबून दोन मासे खाली, ‘ती’ला स्पॉट, ‘ना’ला परत हात वर. सहा मात्रांत जास्तीत जास्त दोनच मासे लागतात, तेव्हा खालीच्या मात्रेला दोन टाकले की बॅग कधी तुंबत नाही. भरीची, म्हणजे पहिली, मात्रा मोकळी राहते आणि मनगट ओरडत नाही. दर तीन टिकांनी एक मासा टाकणाऱ्यांना हे आळशी वाटेल. वाटू दे.

पहिल्या पूर्ण तासाचा आकडा: ७४ हजार. दुसऱ्या दिवशी ७९. परवा खडकवासल्यातून पाणी सोडलं, भिडे पूल पाण्याखाली गेला, नदीपात्रातला सराव बंद पडला आणि त्या शांततेत मी तासाला ८३ हजार केले. तो तास मी पुन्हा पुन्हा आठवते आहे. दर स्टर्जनला ८० फिशिंग एक्सपी, वर ७ अ‍ॅजिलिटी आणि ७ स्ट्रेंग्थ फुकट, आणि कानात धा धी ना. स्पॉट हलला तरी घाई नाही, चालत जायचं, पुढची सम पकडायची.

एक खोड उरली आहे. वर्ल्ड भरलेलं असेल तर टिक ०.६ पेक्षा किंचित लांबतात, आणि खोक्यातला तबला काही त्यांच्यासाठी थांबत नाही. दहा-बारा मिनिटांत लय हळूच सरकते. उपाय: गर्दी नसलेलं वर्ल्ड निवडा, आणि ग्वाम एकाएकी जायला लागले की थांबून पुन्हा सम धरा. काका म्हणाले, साथीदार गायकाच्या मागे जातो, गायक साथीदाराच्या नाही. इथे गायक सर्व्हर आहे.

ज्यांनी मला ऑटो-क्लिकर सुचवला त्यांना: नको. एका क्लिकला एक कृती हा नियम आहे, खातं जाईल, आणि मग हे सगळं करायचं कशासाठी? माऊसबद्दल विचारलं होतं, तर साधा वायरवाला घ्या. माझा बिनवायरीचा दोन सेकंद हलवला नाही तर डुलकी काढतो, आणि हात वर उचलण्याच्या या पद्धतीत तो पार निरुपयोगी ठरला.

गळाला लावायच्या पिसांचा साठा संपत आलाय. त्यासाठी पोर्ट सरिममधल्या गेरँट या दुकानदाराकडे जाऊ नका असं माझं अजूनही म्हणणं आहे. घेत गेलं की भाव चढवत नेतो, अगदी दिवाळीतल्या झेंडूसारखा. ग्रँड एक्स्चेंजवर (खेळाडूंच्या बाजारात) रात्री बोली लावून ठेवा, सकाळी पिसं हजर. टारही तिथूनच.

आता पुढचं. मागच्या वेळी मी जाहीर केलं होतं की ऑटोकडूनच थेट नव्व्याण्णवावी पातळी. तिला लागणारे १,३०,३४,४३१ एक्सपी वजा आत्ताचे, म्हणजे अजून सुमारे १ कोटी ६ लाख. ८३ हजारांनी १२८ तास. हे लिहिता लिहिताच पोटात गोळा आला.

ब्याऐंशीला मिनो हे चिमुकले मासे खुले होतात, चाळीस मिनोंना एक शार्क, बसल्या जागी पैसे. पण मिनोंच्या फलाटावर जायला अँग्लरचा (गळाने मासे पकडणाऱ्याचा) पूर्ण पोशाख लागतो आणि माझे बूट राहिलेत. टोपी, सदरा, विजार आहे. हे नग ट्रॉलरवर, म्हणजे मासेमारीच्या बोटीवरच्या एका उपखेळात, मिळतात, पण तिथे बूट येतच नाहीत. म्हणून आत्ता हिशेब केला. तीन नगांनी १.८ टक्के जास्त एक्सपी मिळतात, बूट आले की पूर्ण संचाचे २.५. फरक ०.७ टक्के. १ कोटी ६ लाखांवर तो ७४ हजारांच्या आसपास, म्हणजे तासाभराचीही बचत नाही. आणि ट्रॉलरवर नग मिळण्याची शक्यता फेरीला ८ मध्ये १, फेरी वाट पाहण्यासकट माझी बारा मिनिटं खाते. दीड तास घालवून तासाहूनही कमी वाचवायचा! एक्सपीसाठी बूट म्हणजे मूर्खपणा.

पण मिनोंसाठी? मिनोंचे पैसे आले तर पिसं, टार, ग्वाम, सगळं सुटेल. शिवाय ऑफिसच्या मीटिंगमध्ये दादरा धरता येत नाही, मिनोंकडे तिरक्या नजरेने लक्ष ठेवता येतं. (उडता मासा येऊन मिनो खाऊन जातो, तेवढं सांभाळायचं.) म्हणजे रात्री ऑटो, दिवसा मिनो. हे परवापर्यंत माझ्या डोक्यातही नव्हतं.

आणि अजून एक. हाच दादरा वाळवंटातल्या ग्रॅनाइटला चालतो, फॉसिल आयलंडच्या सागवानालाही. दोन्ही तीन टिकांचीच. माझं मायनिंग ६१ वर कधीचं कुजत पडलंय. कुणी ग्रॅनाइटवर सहा मात्रांत बसवून पाहिलं असेल तर मला सांगा, दगड कुठल्या मात्रेला टाकता. तिसऱ्या म्हणू नका.

पाणी ओसरलंय, पूल मोकळा झालाय, आणि हे लिहीपर्यंत खाली ताशा सुरू झाला. आज ऑटो नाही. पोर्ट खझार्डला जाते, ट्रॉलरवर बादलीने पाणी उपसायला कुठलाही ताल चालतो.