कालचीच तारीख

आज सकाळी वडिलांच्या तक्त्यावर सिस्टरनी कालचीच तारीख लिहिली. मी ती दाखवताच त्यांनी आकडा खोडला आणि हळू आवाजात म्हणाल्या, “माझा कालचा दिवस अजून संपलेलाच नाही हो.” रात्रपाळीनंतर बदली सहकारी न आल्याने त्यांना सलग दुसऱ्या पाळीला थांबवून घेतले होते.

तो खोडलेला आकडा दिवसभर मनातून गेला नाही, कारण थोड्याच वेळात त्याच हाताने त्यांना इंजेक्शनची मात्रा मोजायची होती.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९१९ मधील पहिल्याच कराराने उद्योगांतील कामाला दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. युरोपीय संघाचा २००३ चा निर्देश तर दर २४ तासांत सलग ११ तासांची विश्रांती सांगतो. मला ही दुसरी तरतूद अधिक मोलाची वाटते, कारण नुसते आठवड्याचे तास मोजले, तर दोन पाळ्या एकमेकींना जोडूनही कागदावरचा हिशेब बरोबरच दिसतो.

“थांबाल का?” असे विचारले जाते खरे, पण समोर रुग्ण असताना नाही म्हणण्याची मोकळीक त्यांना कुठे असते?