दोन कॉप्यांची गोळी

छत्तिसाव्या वर्षी मला एडीएचडी निघाला, म्हणजे लक्ष न टिकण्याचा, विसरण्याचा आजार. डॉक्टर मॅडमनी पहिलं काम आईला लावलं, शाळेची प्रगतिपुस्तकं शोधायचं, कारण लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून असावी लागतात म्हणे. इंदूरला राजेंद्रनगरच्या घरात माळ्यावर सापडली, सगळीकडे एकच शेरा, हुशार आहे पण लक्ष नाही. आई म्हणाली, "आणि मी तुला धोपटत बसले रे."

मग बीपी, नाडी, घरात कुणाला हार्टचं काही, दारू-नशा काही केलंय का. हे शेवटचं मला लागलंच जरा. मॅडम म्हणाल्या, सगळ्यांनाच विचारते. मग मिथाइलफेनिडेटची, म्हणजे लक्ष टिकवणाऱ्या गोळीची, पर्ची दिली, दोन कॉप्यांत.

ही गोळी शेड्यूल एक्समधली, म्हणजे सरकारच्या कडक नियमांच्या औषधांच्या यादीतली. दुकानदाराला वेगळं लायसन्स लागतं, माल कुलपात ठेवायचा, एक कॉपी त्याने दोन वर्षं जपायची, म्हणून कोपऱ्यावरचे मेडिकलवाले ठेवतच नाहीत. पलासियाला चार दुकानांत "नहीं रखते", पाचव्याने पर्ची वाचली, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि सगळ्या गर्दीत मोठ्याने, "ये तो नशे वाली है, किसके लिए चाहिए?" मागे आमच्याच कॉलनीतले काका खोकल्याचं औषध घ्यायला उभे. मी म्हणालो भाच्यासाठी. मला भाचा नाहीये! तसाच घरी आलो आणि तीन आठवडे मेडिकलची पायरी चढलो नाही.

मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या अ‍ॅटोमॉक्सेटिन ही दुसरी गोळी देऊ का, ती एक्समध्ये नाही, पण असर दिसायला काही आठवडे लागतात. मी म्हटलं नको, आधी हीच बघू. मग दवा बाजारातलं एक दुकान कुणीतरी सांगितलं, तिथे मिळाली.

दोन महिन्यांनी मावशीचा धाकटा आला, भंवरकुआंला खोली घेऊन पीएससीची तयारी करतो. चहा झाला आणि हळूच, "दादा, चार गोळ्या दे ना, परीक्षेपुरत्या." आईने मावशीला, मावशीने त्याला, अशी बातमी पोचलेली. मी म्हटलं अरे ज्याला गरज नाही त्याची झोप उडते, छाती धडधडते, त्याने काही हुशारी येत नाही, आणि माझ्या नावाची गोळी तुला देणं गुन्हा आहे, एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातली आहे ती. रुसला. तो गेल्यावर मी गोळ्या मोजल्या, खरं सांगतो, आणि तेव्हापासून डबी कपाटात कुलपात. मोजताना तो पलासियावाला आठवला. त्याचा संशय फुकटचा नव्हता, असे धाकटे त्याच्याकडेही येत असणार. वहीत लिही, सही घे, मॅडमना फोन लाव, माझी काही ना नाही, पण हळू बोलून विचारता आलं असतं की. त्या आवाजामुळे माझे तीन आठवडे गेले, नियमामुळे नाही.

दवा बाजारवाला तेच सगळं बघतो, फक्त मला काउंटरच्या कडेला बोलावून. एकच वैताग, ज्याला विसरायचाच आजार त्याने दर महिन्याला तारीख पाळायची, दोन कॉप्या सांभाळायच्या. परवाच गेलो, त्याने हळूच विचारलं, "सर, दूसरी कॉपी?" ती घरी फ्रिजवर चिकटवलेली, विसरू नये म्हणून.