गरम सिलिंडरचा नाद

इंजिन म्हटले की बहुतेकांना वेग आठवतो. मला वाया जाणारी उष्णता आठवते, आणि घरच्या मंडळींच्या मते हे काही बरे लक्षण नव्हे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात विहिरीवर किंवा नाल्याच्या काठी डिझेल इंजिन चालू दिसले, तर पाणी किती पडते हे पाहण्याआधी माझी नजर धुरांड्याकडे जाते. काळा धूर असेल तर डिझेल पुरते जळत नाही, निळसर असेल तर ऑइल जळते आहे, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर डिझेलचा फवारा उडवणारी नोझल किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब, यांपैकी कशात तरी बिघाड आहे. ही धुराची भाषा मला दारव्ह्याच्या एका मिस्त्रीकाकांनी शिकवली. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे ते मला गुरुजी म्हणतात. त्यांच्या गॅरेजात मात्र गुरू कोण आणि विद्यार्थी कोण, हे दोघांनाही ठाऊक असते.

या मिस्त्रीकाकांची खरी कमाल नळीच्या एका तुकड्यात आहे. नाल्यावरच्या लहान पंपसेटमध्ये उपसलेल्या पाण्याचाच एक फाटा सिलिंडरभोवती फिरवून बाहेर सोडतात. पाणी फुकटचे, म्हणून त्या फाट्याचा कॉक, म्हणजे तोटी, शेतकरी बिनदिक्कत पूर्ण उघडा ठेवतो, आणि इंजिन जितके गार तितके त्याचे आयुष्य मोठे अशी त्याची समजूत असते. प्रत्यक्षात गारठलेल्या सिलिंडरमध्ये डिझेल नीट जळत नाही, ऑइल दाट राहते, पिस्टनच्या रिंगा लवकर झिजतात आणि पिकाला पाणी देण्यासाठी घातलेल्या डिझेलचा एक हिस्सा नाल्यातले पाणी कोमट करण्यात जातो. मिस्त्रीकाकांनी त्या फाट्यावर आणखी एक कॉक आणि बाजूने निघणारी नळी बसवली, म्हणजे सिलिंडरकडे जाणारे पाणी बेताने कमी करता येते. त्यांची मोजपट्टी थर्मामीटरची नव्हे. "गुरुजी, इंजनाले आंघोळ घालाची नसते," ते मला म्हणाले, "निंघणाऱ्या पान्याखाली बोट धरलं का चटका बसला पायजे."

जेम्स वॉटचे नाव त्यांनी ऐकलेले नाही, पण त्यांचे वाक्य वॉटला तत्काळ पटले असते. थॉमस न्यूकोमेन या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याने १७१२ मध्ये खाणीतले पाणी उपसणारे वाफेचे इंजिन उभे केले होते. त्यात सिलिंडरमध्ये वाफ भरायची आणि मग तिथेच गार पाणी उडवून ती निववायची, अशी रीत होती. त्यामुळे पुढच्या खेपेची बरीचशी वाफ ते निवलेले लोखंड पुन्हा तापवण्यातच खर्ची पडे. ग्लासगोच्या विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणाऱ्या वॉटकडे या इंजिनाचा एक लहान नमुना दुरुस्तीला आला आणि त्याला ही उधळपट्टी सहन होईना. १७६५ मध्ये त्याला सुचले, की वाफ निववण्याचे काम वेगळ्या भांड्यात करावे आणि सिलिंडर कायम गरमच ठेवावा. आपण त्याला वाफेच्या इंजिनाचा जनक म्हणतो, पण इंजिन त्याच्या आधी अर्धशतकापासून चालू होते. त्याने त्याचा गारठा काढला, एवढेच. आणि माझ्या मते हे जनकत्वापेक्षा मोठे काम आहे.

इंजिने सुधारणाऱ्या या मंडळींत पदवीधर इंजिनीयर शोधू गेल्यास निराशा पदरी पडते. १८१६ मध्ये उष्ण हवेवर चालणाऱ्या इंजिनाचे पेटंट घेणारा रॉबर्ट स्टर्लिंग हा स्कॉटलंडमधला धर्मोपदेशक होता, आणि बाहेर जाणारी उष्णता वाटेत अडवून पुन्हा वापरणे हीच त्याची मुख्य कल्पना होती. चार स्ट्रोकचे, म्हणजे पिस्टनच्या चार धावांत एकदा स्फोट होणारे इंजिन १८७६ मध्ये चालवून दाखवणारा निकोलाउस ओटो त्याआधी गावोगाव किराणा माल विकत फिरत असे.

रुडॉल्फ डीझेल मात्र शिकलेला होता, आणि त्याचे शिक्षणच त्याला छळत राहिले. म्युनिकमध्ये कार्ल लिंडे यांच्या व्याख्यानात त्याने ऐकले, की वाफेचे इंजिन इंधनातल्या उष्णतेपैकी जेमतेम ६ ते १० टक्क्यांचेच काम करते, आणि उरलेल्या नव्वद टक्क्यांनी त्याची झोप उडवली. हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापावी आणि त्यात सोडलेले इंधन ठिणगीशिवाय पेटावे, हा त्याचा मार्ग होता. १८९३ मध्ये आउग्सबुर्गला पहिल्याच चाचणीत इंजिनावरचे दाबमापक यंत्र फुटले. १८९७ मध्ये त्याच्या इंजिनाने सुमारे २६ टक्के कार्यक्षमता गाठली, म्हणजे पाऊणभर उष्णता तरीही वाया जात होती, पण जगात त्या वेळी याहून काटकसरी इंजिन नव्हते. सप्टेंबर १९१३ मध्ये इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून तो नाहीसा झाला. त्याविषयी रहस्यकथा पुष्कळ रचल्या गेल्या. मला त्या दाबमापकाची गोष्ट जास्त वाचनीय वाटते.

आपल्या शेतापर्यंत डिझेल इंजिन पोहोचायला नोझल आणि पंप सुधारावे लागले. डीझेल दाबलेल्या हवेच्या जोराने इंधन आत उडवत असे, आणि त्यासाठी मोठा कॉम्प्रेसर लागे. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९२७ मध्ये इंधन दाबणारा पंप कारखान्यात मोठ्या संख्येने बनवायला घेतला, तेव्हा तो पसारा आवरला. मिस्त्रीकाका नोझल हातपंपावर लावून तपासतात. फवारा धुक्यासारखा बारीक उडाला आणि नोझलने कर्रकर्र आवाज केला तर ती पास. फवाऱ्यापुढे हात धरू देत नाहीत, कारण तो कातडीतून आत शिरतो.

त्यांचे आवडते इंजिन म्हणजे राजकोटहून आलेले, दोन जड चक्क्यांचे, इंग्लंडच्या लिस्टरच्या धर्तीवरचे सहा अश्वशक्तीचे. मिनिटाला ६५० फेरे, आणि दोन फेऱ्यांत एक स्फोट, म्हणजे ३२५ स्फोट, सेकंदाला पाचांहून थोडे अधिक. सवयीच्या कानाला त्यातला एक चुकलेला ठोका लगेच कळतो. उधळपट्टी करणारी असूनही आम्ही जिच्यावर माया केली अशी एकच, ती शकुंतला नावाची आमची छोटी रेल्वेगाडी. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत यवतमाळच्या अरुंद रुळांवर कोळसा खात राहिले.

आता विहिरींवर सौर पंप येत आहेत आणि त्यांत खोलून पाहण्यासारखे फार काही नाही, अशी मिस्त्रीकाकांची नाराजी आहे. त्यांचा पुतण्या मात्र जुन्या मोटारसायकलच्या इंजिनावर पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, डवरणी (ओळींमधली मशागत) करू पाहतो. अमरेलीच्या मनसुखभाई जगानींनी १९९४ मध्ये बुलेट मोटारसायकलवर बसवलेली 'सांती', म्हणजे मशागतीचे अवजार, त्याने मोबाइलवर पाहिली आहे. त्याची अडचण नेमकी उलटी आहे: हे इंजिन वाऱ्याने निवते, आणि पिकाच्या ओळींतून बैलाच्या चालीने जाताना वारा कुठून मिळणार? म्हणून त्याने इंजिनाच्याच जोरावर फिरणारा पंखा बसवला. काकांचे म्हणणे, पंखा ताकद खातो, त्यापेक्षा पत्र्याचे नळकांडे करून धुराच्याच ओढीने हवा खेच. पुतण्याचे म्हणणे, एवढ्या धुराला तेवढी ओढ नसते. गेल्या हंगामापासून दोघांचा हा वाद चालू आहे, आणि मी पंख्याच्या बाजूने आहे.