अलास्काची बॅग: आधी पाऊस, मग थंडी

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आमच्या वयाच्या मंडळींमध्ये अलास्काची क्रूझ आता चांगलीच रुळली आहे. तिकिटं मुलं काढतात, आणि बॅग भरायची वेळ आली की मला मैत्रिणींचे फोन येऊ लागतात. मनालीला घेतलेले जाड कोट चालतील का? गुडघ्यापर्यंतचे बर्फाचे बूट घ्यायचे का? लोकरीची कानटोपी एक पुरेल की दोन? ऑगस्ट-सप्टेंबरात जाणाऱ्या प्रत्येकीला मी एकच सांगते: जाड कोट घरी ठेव आणि पावसाची तयारी कर. त्या दिवसांत तिथे माणूस गारठतो तो बर्फाने नाही, भिजून वाऱ्यात उभं राहिल्याने.

आम्ही ऑगस्टच्या शेवटी सिएटलहून निघालो. मी, हे, लेक-जावई आणि माझ्या मोठ्या वन्सं. केचिकन, जूनो, स्कॅगवे, ग्लेशियर बे हा हिमनद्यांचा उपसागर आणि परतताना कॅनडातलं व्हिक्टोरिया असा मार्ग होता. वाईला शाळेत भूगोल शिकवत आले, त्यामुळे कपड्यांच्या कपाटाआधी मी नकाशा उघडला आणि प्रत्येक बंदराचं तापमान आणि पाऊस वहीत उतरवून काढला. बॅग खरं तर त्या वहीनेच भरली.

आकडे बघून वन्संची भीती लगेच कमी झाली. ऑगस्टच्या अखेरीला केचिकन-जूनोला दुपारी १५ ते १७ अंश आणि पहाटे ९-१० अंशांच्या आसपास असतं. सप्टेंबरच्या मध्याला यातून दोन-तीन अंश वजा करायचे. डिसेंबरातली पुण्याची पहाट काही याहून फार उबदार नसते, आणि त्या पहाटे आपण स्वेटर घालून फिरायला जातोच की. पण पुण्याची थंडी कोरडी, आणि नऊ वाजता ऊन आलं की ती पळते. तिकडे ऊन येईलच असं नाही. ढग डोंगराच्या कमरेपर्यंत उतरलेले असतात आणि त्याच दहा-बारा अंशांत दिवसभर झिमझिम चालू राहते.

कारण तेच, जे आम्हा वाईकरांना पाठ आहे. पॅसिफिकवरून आलेली दमट हवा किनाऱ्यालगतच्या उंच डोंगरांवर चढते, थंड होते आणि समुद्राच्या बाजूलाच रिकामी होते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि घाट उतरून वाईला आलं की हजाराच्याही आत. केचिकन म्हणजे तिथला घाटमाथा: वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून अधिक. धक्क्याजवळ पावसाच्या मोजपट्टीचा एक उंच फलक गावाने अभिमानाने उभारला आहे. त्यावर १९४९ सालचा विक्रम लिहिला आहे, पाच हजार मिलिमीटरच्याही वर. आणि त्याच सफरीत स्कॅगवेला पोहोचलं की वर्षाचा पाऊस जेमतेम साडेसहाशे-सातशे. ते गाव लांब, चिंचोळ्या खाडीच्या अगदी टोकाला, डोंगरांच्या आड आहे. तिथे पावसाऐवजी वारा. व्हिक्टोरियाही ऑलिंपिक पर्वताच्या आडोशाला असल्यामुळे उन्हाळ्यात बऱ्यापैकी कोरडं. म्हणून "अलास्काची हवा कशी असते?" या प्रश्नाला एक उत्तर नाही. बंदर कोणतं ते आधी विचारावं लागतं.

महाबळेश्वरच्या पावसाची सवय असलेल्यांना आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. आपला पाऊस अंगावर घेता येतो, कारण हवा वीस अंशांच्या आगेमागे असते. जुलैत भिजून घरी आलं, डोकं पुसलं, चहा घेतला की झालं. बारा अंशांत भिजलेले कपडे अंगावर ठेवून दोन तास बोटीवर उभं राहणं वेगळं. साठी-सत्तरीच्या माणसांनी तो धोका घेऊच नये.

तेव्हा बॅगेत पहिली वस्तू चांगला रेनकोट. प्लास्टिकचा पातळ पोंचो नको, वाऱ्याने तो तोंडावर येतो. डोक्याला घट्ट बसणारी टोपी असलेला, चेन असलेला, कमरेखाली येणारा, आणि आत स्वेटर मावेल इतका सैल. छत्री घेऊ नका असं मी म्हणत नाही, केचिकनच्या गल्लीत चालेल. पण बोटीच्या डेकवर ती उलटी होते आणि शेजारच्याच्या डोळ्याशी येते. मग पावसाची पँट. ही बहुतेकजण विसरतात, आणि भिजतात ते नेमके गुडघ्यापासून खाली. वन्सं आयुष्यभर साडीत वावरलेल्या. त्यांना मी आधीच म्हटलं, "वन्सं, साडी रात्रीच्या जेवणाला नेसू या. खाली उतरताना सलवार-कमीज, आत थर्मल आणि वरून ही पँट." त्या म्हणाल्या, "तू म्हणशील तसं, पण रंग तरी बरा आण." जांभळ्या रंगाची मिळाली, आणि जहाज सोडून जिथे जिथे उतरलो तिथे त्यांनी ती घातली.

आतले कपडे सुती नकोत. सूत पाणी धरून ठेवतं आणि अंगातली ऊब ओढून घेतं. जीन्स तर भिजली की दुसऱ्या दिवशीही ओलीच. लोकर ओली झाली तरी ऊब देते. आपले धनगर उगीच पावसाळ्यात घोंगडी घेऊन रानात जात नाहीत. अंगालगत पातळ थर्मल, वर लोकरीचा किंवा फ्लीसचा स्वेटर, सर्वांत वर रेनकोट, एवढे तीन थर पुरतात. गरम झालं की एकेक काढता येतो. जाड कोटाचं तसं नसतं, तो एक तर अंगावर नाही तर हातात. पायमोजे मात्र सढळ हाताने घ्या, लोकरीचे. बूट पाणी न शिरणारे आणि आधी महिनाभर घालून पायाला बसलेले. केचिकनला स्थानिक लोक, अगदी दुकानदारसुद्धा, तपकिरी रबरी बूट घालून फिरताना दिसतात. त्यांच्याकडे बघितलं की हवेचा अंदाज येतो.

कपडे वाळवायची सोय जहाजावर तोकडी. केबिनच्या न्हाणीघरात एक बारीक दोरी असते, तेवढीच. पण केबिनच्या भिंती बहुधा लोखंडी पत्र्याच्या असतात, त्यामुळे चुंबकाचे हुक घट्ट बसतात. लेकीने ते आणले होते. ओले रेनकोट, टोप्या, पिशव्या भिंतीवर टांगून ठेवल्या की एसीच्या कोरड्या हवेने सकाळपर्यंत वाळतात. वजनाने नगण्य आणि सगळ्या सफरीत सर्वांत उपयोगी पडलेली ही वस्तू.

थंडीची खरी तयारी लागली ती फक्त ग्लेशियर बेला. तिथे उतरायचं नसतं, दिवसभर जहाजावरूनच बघायचं. दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना आत परवानगी आहे, आणि सकाळी राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर जहाजावर चढून दिवसभर माहिती सांगतात. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन व्हँकुव्हर यांची जहाजं इथे आली तेव्हा उपसागर असा नव्हताच, तोंडाशीच बर्फाची भिंत होती. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर आले तोवर बर्फ साठ किलोमीटरहून जास्त मागे सरकला होता, आणि आज तो शंभर किलोमीटर मागे आहे. ज्या पाण्यावरून आम्ही तासन्‌तास चाललो होतो, तिथे सव्वादोनशे वर्षांपूर्वी बर्फ होता, हे नकाशावर वर्गात शिकवणं वेगळं आणि डेकवर उभं राहून कळणं वेगळं. मी किती वेळ काही बोलूच शकले नाही.

मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबतं आणि हळूहळू वळतं. आकाश निरभ्र असलं तरी तिथे वारा झोंबतो, कारण बर्फावरची थंड, जड हवा उतारावरून घसरत पाण्याकडे येते. ही जागा हातमोज्यांची, कानटोपीची, मफलरची. हातमोजे असे घ्या की फोन चालवता येईल, नाहीतर प्रत्येक फोटोला ते काढावे लागतात. दुर्बीण माणशी एक हवीच. ती आळीपाळीने वापरायची म्हटलं की नेमका बर्फाचा कडा कोसळतो तेव्हा ती दुसऱ्याच्या हातात असते. वन्संसाठी आम्ही पुढच्या काचेच्या दालनात जागा धरली होती. मोठा तुकडा पाण्यात पडला तेव्हा आवाज मागाहून आला, आणि वन्सं काचेआड बसून राहिल्या नाहीत. शाल गुंडाळून बाहेर आल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या.

स्कॅगवेला बॅग भरण्याचा एक जुना धडा आहे. १८९७-९८ मध्ये कॅनडातल्या क्लॉन्डाइकच्या सोन्यामागे हजारो माणसं याच बंदरात उतरली. पुढे खिंडींच्या माथ्यावर कॅनडाच्या घोडदळ पोलिसांच्या चौक्या होत्या. वर्षभराची शिधासामग्री बरोबर नसेल तर ते पुढे सोडत नसत, कारण आधी गेलेल्यांवर उपासमारीची पाळी आली होती. तंबू आणि अवजारं धरून ते ओझं माणशी टनभर होई. पाठीवर एका खेपेला पंचवीस-तीस किलो मावणार, म्हणजे तोच बर्फाळ चढ पुन्हा पुन्हा चढायचा. त्यातल्या व्हाइट पास खिंडीच्या वाटेवर सुमारे तीन हजार घोडी मेली. १९०० मध्ये पूर्ण झालेली छोटी रेल्वे आज त्याच खिंडीत आपल्याला काचेच्या खिडकीशी बसवून ८७० मीटर वर नेते. ऑगस्टच्या शेवटी वरची खुरटी झुडपं लाल होऊ लागलेली असतात. डब्यांच्या बाहेरच्या ओट्यावर उभं राहायला मिळतं, तेव्हा विंडचीटर हाताशी ठेवा.

खाऊचं सांगायला हवं, कारण आपण चिवडा-लाडू घेतल्याशिवाय निघत नाही. जहाजावर बंद पाकिटातला खाऊ चालतो. पण जूनोला मेंडेनहॉल हिमनदीजवळच्या ओढ्यावर अस्वलं सॅमन पकडायला येतात, तिथे पिशवीत खाण्याचं काही ठेवू नका. उन्हाळ्याच्या शेवटी जाण्याचा हा एक मोठा फायदा: ओढे माशांनी भरलेले असतात. केचिकनच्या लाकडी पुलावरून खाली बघितलं तर पाणी कमी आणि सॅमन जास्त. मेलेल्या माशांचा वासही असतो, नाजूक नाकवाल्यांनी रुमाल जवळ ठेवावा. विजेची किटली आणि इस्त्री मात्र बॅगेतून काढाच, बहुतेक जहाजांवर आगीच्या भीतीने ती जप्त करतात.

सिएटलहून निघणारी जहाजं बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या समुद्रातून जातात. सप्टेंबरात अलास्काच्या आखातातली वादळं सुरू व्हायला लागतात, तेव्हा तिथे जहाज चांगलंच डुलतं. ज्यांना गाडीतही मळमळतं त्यांनी केबिन खालच्या मजल्यावर मध्यभागी मागावी, डॉक्टरांना विचारून गोळी आधी घ्यावी, आणि आलेपाक खिशात ठेवावा. ह्यांचा सगळा भरवसा आलेपाकावर होता आणि तो पुरला.

कागदपत्रांत कॅनडाचा व्हिसा विसरू नका. १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या जहाजाला सिएटलहून निघून सिएटललाच परतताना मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं. म्हणून व्हिक्टोरियाचा तो संध्याकाळचा थांबा. भारतीय पासपोर्टवर तेवढ्यासाठीही कॅनडाचा व्हिसा लागतो, आणि तो मिळायला वेळ जातो, त्यामुळे तिकिटाबरोबरच अर्ज करा. अमेरिकेचा व्हिसाही पुन्हा प्रवेश देणारा हवा.

चढण्याच्या दिवशी मोठ्या बॅगा धक्क्यावरच हमालांकडे जातात आणि केबिनशी यायला संध्याकाळ होते. औषधं, पासपोर्ट, चष्मा, एक स्वेटर आणि रेनकोट खांद्याच्या पिशवीत असू द्या. शेवटच्या रात्री उलटं: झोपण्याआधी बॅगा दाराबाहेर ठेवायच्या, त्या थेट धक्क्यावर मिळतात. त्या रात्री सकाळचे कपडे आणि बूट आधी खुर्चीवर काढून ठेवा आणि मगच बॅगेची चेन लावा. वन्संनी हे काम संध्याकाळीच उरकून टाकलं आणि आम्हा सगळ्यांच्या खुर्च्या स्वतः तपासून आल्या.