लेहला उतरल्यावर जवानांना बसवून का ठेवतात?

सैन्यात डॉक्टर होतो असं कळलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा प्रश्न येतो: 'एवढे धडधाकट जवान, लेहला उतरल्यावर त्यांना नुसतं बसवून का ठेवता? शत्रू काय थांबणार आहे?'

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. धडधाकटपणाचा इथे फारसा उपयोग नाही, कधीकधी तोच नडतो.

लेह साधारण ११,५०० फुटांवर आहे. हवेत ऑक्सिजन तिथेही २१ टक्केच, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश, त्यामुळे प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. शरीर श्वास वाढवून भरपाई करू बघतं. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्तातली आम्लता घटते आणि मेंदू श्वासाला पुन्हा आवर घालतो. रात्री तर झोपेत श्वास मध्येच थांबतो नि दचकून सुरू होतो. ही ओढाताण मिटवतात मूत्रपिंडं, बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकून, आणि त्यांना काही दिवस लागतात. तुम्ही रोज १० किलोमीटर पळत असाल तरी ती घाई करत नाहीत. डायमॉक्सची गोळी त्यांना थोडी रेटते, एवढंच.

म्हणून सैन्याचा नियम असा: ९,००० ते १२,००० फुटांवर ६ दिवस, तिथून १५,००० पर्यंत ४, त्याहून वर आणखी ४. पहिले दोन दिवस निव्वळ आराम, मग सपाटीवर चालणं, मग हलकी चढण. हा धडा महागात मिळालाय. १९६२च्या युद्धात मैदानातून घाईघाईने वर चढवलेले कितीतरी जवान गोळी न लागताच आडवे झाले.

त्यांना झालं होतं ते 'हापो', म्हणजे फुफ्फुसात पाणी भरणं. बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या रात्री सुरू होतं: कोरडा खोकला, मग बसल्या जागी धाप, मग गुलाबी फेस. लवकर कळलं तर ऑक्सिजन देऊन आणि खाली उतरवून माणूस वाचतो. पण कळणार कसं? विशीतला पोरगा, 'कैसे हो?' विचारलं की छाती काढून म्हणतो, 'एकदम फिट, साब.' मागे पडलो तर पलटणीत काय म्हणतील, ही धास्ती. त्यामुळे मी त्याला कमी आणि त्याच्या शेजारच्या कॉटवाल्याला जास्त विचारायचो. रात्री खोकला का, जेवला का, बुटाची नाडी बांधताना थांबला का. उंचीमुळे मेंदूलाही सूज येऊ शकते; तशी शंका असली तर जमिनीवर रेघ ओढून टाचेला चवडा लावत चालायला सांगायचं. तोल गेला की चर्चा बंद, गाडी बोलवायची. तिथे कुणाचं 'फिट, साब' चालत नाही.

शत्रूचं म्हणाल, तर निकड असली की दिवस कमी करावे लागतात. मग गोळ्या, ऑक्सिजन आणि डॉक्टर सोबत चढतात, आणि किती जण आजारी पडतील याचा हिशोब आधीच मांडलेला असतो.

सगळ्यात जास्त कुरकुर मात्र जुन्या जवानांची. वर्षभर वर काढून गावी सुट्टीवर गेलेला माणूस परततो तेव्हा त्याला वाटतं, आपल्याला काय नवीन? पण खाली राहून आल्यावर त्यालाही हापो होतो, आणि चांगला जबर होतो. म्हणून चार आठवड्यांहून जास्त सुट्टी झाली असेल तर त्याचीही सुरुवात पहिल्या दिवसापासून, नव्या पोरांच्या शेजारच्या कॉटवर.