एक सेमिस्टर जर्मनीत आणि तीस क्रेडिटची भानगड

मार्कशीट अखेर हातात आली म्हणून आता लिहायला बसलेय, आधी लिहिलं असतं तर नुसती चिडचिड उतरली असती. टीवायला असताना मी एक सेमिस्टर जर्मनीत लाइपझिगला होते, आमच्या कॉलेजच्या एक्स्चेंज करारातून, विषय राज्यशास्त्र. सगळे विचारतात ख्रिसमस मार्केट कसं होतं, बर्फ पडला का, आणि मी सांगतेही की भारी होतं वगैरे. पण खरं सांगू का, त्या सगळ्या काळात माझं डोकं सगळ्यात जास्त कुणी खाल्लं असेल तर ते एका दोन पानी कागदाने. लर्निंग ॲग्रीमेंट म्हणतात त्याला.

म्हणजे असं की तिकडे तुम्ही कुठले विषय घेणार, त्याचे किती क्रेडिट, आणि परत आल्यावर आपलं कॉलेज त्याच्या बदल्यात काय माफ करणार, हे जायच्या आधी लिहून तिघांच्या सह्या घ्यायच्या. तुमची, आपल्या कॉलेजची आणि तिकडच्या विद्यापीठाची. मला वाटलेलं फॉर्म आहे, भरू. मी बाकीच्या गोष्टींच्या मागे लागले. व्हिसा म्हणजे तर आधीच धाकधूक, नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायचं म्हणून थोड्या दिवसांचा शेंगेन व्हिसा चालत नाही, नॅशनल व्हिसा लागतो, आणि त्यासाठी पैसे दाखवायचे ते ब्लॉक्ड अकाउंटमध्ये. मी गेले तेव्हा महिन्याला ९९२ युरोचा हिशोब होता, सहा महिन्यांचे ५,९५२ युरो एकदम भरायचे आणि मग ते दर महिन्याला तुमचेच तुम्हाला हप्त्याने मिळणार! बाबा म्हणाले हे तर आजीच्या डब्यासारखं झालं, पैसे आपलेच पण मागून घ्यायचे. ट्यूशन फी मात्र नव्हती, फक्त सेमिस्टरची ठरावीक वर्गणी.

या सगळ्यात लर्निंग ॲग्रीमेंट मी एका संध्याकाळी बसून भरलं. प्रत्येकी दहा ईसीटीएसची, म्हणजे युरोपातल्या क्रेडिटची, तीन मोड्यूल्स (तिकडचे विषय), झाले तीस, कारण तिकडे पूर्ण सेमिस्टर म्हणजे तीस ईसीटीएस आणि वर्षाचे साठ. कॉलेजातल्या सरांनी घाईत सही केली, मीही घाईतच घेतली. कुठल्या विषयाच्या बदल्यात काय, हा रकाना मोघम राहिला. तिथेच चुकलं.

दुसरी गोष्ट जी कुणी सांगितलीच नाही ती कॅलेंडरची. आमचं पाचवं सेमिस्टर जूनच्या आसपास सुरू होऊन नोव्हेंबरात संपतं, त्यांचं हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. म्हणजे तिकडचं एक सेमिस्टर आपल्या दोन सेमिस्टरांना तंगडी घालतं. जुलै-ऑगस्टमध्ये मी इथे वर्गात बसले ते फुकट, आणि परत येईपर्यंत सहाव्याची निम्मी लेक्चरं होऊन गेलेली. ७५ टक्के हजेरीसाठी वेगळा अर्ज, तो वेगळ्या खिडकीवर. जायचं असेल तर हे आधी प्राचार्यांकडून लेखी घ्या, तोंडी "बघू आपण" वर जाऊ नका.

तर, पोचले. शनिवारी रात्री. रविवारी उठून दूध-ब्रेड आणायला बाहेर पडले तर सगळं बंद, म्हणजे अख्खा रस्ता बंद. रविवारी तिकडे दुकानं बंदच असतात हे वाचलेलं होतं, पण वाचणं आणि उपाशी पोटी चालणं यात फरक आहे. मेन स्टेशनातली काही दुकानं उघडी असतात हे मला सोमवारी कळलं.

पहिले दोन आठवडे कागदांचेच. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, आनमेल्डुंग, त्यासाठी घरमालकाची चिठ्ठी लागते जिचं नाव मला अजून एका दमात म्हणता येत नाही. हॉस्टेलच्या ऑफिसने ती दिली म्हणून बरं. मग बँक अकाउंट, मग ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे सुटणार, तोपर्यंत सोबत आणलेल्या कॅशवर दिवस काढायचे. आणि सगळं पोस्टाने! पिन नंबरसुद्धा पाकिटातून. दारावर स्वतःचं नाव लावलं नाही तर पोस्टमन पत्र परत नेतो हेही तिथेच शिकले. एक पत्र आलं की रेडिओ-टीव्हीचे महिन्याला १८.३६ युरो भरा, मला वाटलं फ्रॉड आहे, माझ्याकडे टीव्ही कुठे आहे? तर तो कर घरामागे असतो, टीव्ही असो नसो. आमच्या फ्लॅटमध्ये चौघी, एकीच्या नावावर तो आधीच चालू होता, मग तिचा नंबर कळवला आणि माझ्या वाटणीचे साडेचार-पाच युरो तिला देत राहिले.

आता पुन्हा त्या कागदाकडे. पहिल्याच आठवड्यात कळलं की माझ्या तीन मोड्यूल्सपैकी एकाचं लेक्चर इंग्रजीत आणि सेमिनार जर्मनमध्ये आहे. माझं जर्मन म्हणजे ए-टू, खालून दुसरी पायरी, दुकानात चालतं, तिथे राज्यघटनेवर वाद घालायचा म्हणजे कठीण. मग विषय बदला, म्हणजे ॲग्रीमेंट बदला, म्हणजे परत तीन सह्या. तिकडच्या कोऑर्डिनेटर बाईंनी दुसऱ्या दिवशी सही केली. इकडून उत्तर नाही. दिवाळीची सुट्टी लागलेली. मी आमच्या सरांना मेल, मग व्हॉट्सॲप, मग शेवटी एका मैत्रिणीला त्यांच्या केबिनबाहेर उभं केलं, तेव्हा सही झाली. सरांचं उत्तर एका ओळीचं: "आठवड्याला चार तास आणि दहा क्रेडिट? हे कसं काय गं?"

इथे खरी गोम आहे, आणि मलाही तोपर्यंत कळलेली नव्हती. आपल्याकडे थिअरीचा क्रेडिट म्हणजे ढोबळमानाने आठवड्याला एक तास शिकवणं. चार तास लेक्चर, चार क्रेडिट. माझी तीन मोड्यूल्स, प्रत्येकी दोन तास लेक्चर आणि दोन तास सेमिनार, म्हणजे सरांच्या हिशोबाने एकूण बाराच. आणि ईसीटीएस मोजतं विद्यार्थ्याची सगळी मेहनत, वाचन, लिखाण, परीक्षेचा अभ्यास, सगळं धरून एक क्रेडिटला २५ ते ३० तास. जर्मनीत बहुतेक ३० धरतात. दहा क्रेडिट म्हणजे ३०० तास, त्यातले वर्गात फक्त साठ, उरलेले २४० तास तुम्ही आणि लायब्ररी.

आणि ते २४० तास कागदावरचे नाहीत हो. पहिल्या सेमिनारला मी वही उघडून बसले, काय सांगतील ते लिहून घेऊ म्हणून, तर प्राध्यापकांनी विचारलं की वाचून आलेल्या लेखात तुम्हाला काय पटलं नाही. काय पटलं नाही! मी तो लेख अधोरेखित करून पाठ केल्यासारखा वाचला होता, न पटायचं काय असतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दीड तास गप्प बसले. तास संपल्यावर सगळ्यांनी बाकावर बोटांनी टकटक केली, मला वाटलं निषेध करताहेत, तर ती तिकडची टाळी.

एक गोष्ट मात्र फक्त तिथेच झाली असती. ९ ऑक्टोबर १९८९ ला याच शहरात सत्तर हजारांच्या आसपास लोक पूर्व जर्मनीच्या सरकारविरुद्ध रिंग रोडवर उतरले होते, गोळीबार होईल अशी भीती असताना, आणि झाला नाही. महिन्याभरात बर्लिनची भिंत पडली. माझं रेफेरात, म्हणजे वर्गातलं प्रेझेंटेशन, याच विषयावर आलं. तिकडे रिटायर झालेले लोकही हौसेने लेक्चरला येऊन बसतात, तसे एक आजोबा माझ्या शेजारी बसायचे. मी स्लाइडवर लिहिलं होतं की लोक निकोलाई चर्चमधून निघाले. ते नंतर हळूच म्हणाले, आत जागाच नव्हती, मी बाहेर थांबलो होतो आणि बायकोला सांगून आलो होतो की रात्री घरी नाही आलो तर मुलांना शाळेत सोड. मी स्लाइड बदलली नाही, पण घरी गेल्यावर पेपरचा विषयच बदलला, चर्चबाहेर थांबलेल्यांवर लिहिला.

त्या पेपरने शेवटचा घोळ घातला. तिकडे बऱ्याच सेमिनारांना परीक्षा नसते, हाउसआरबाइट असतं, पंधराएक पानांचा पेपर, मुदत मार्चअखेर. मी फेब्रुवारीत परत आले, इथे सहाव्याचे वर्ग, रात्री तो पेपर. ३१ मार्चला दिला, प्राध्यापक तपासणार त्यांच्या सवडीने, ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे तिकडची मार्कशीट, आलं मे संपता संपता. तोपर्यंत इकडे माझ्या पाचव्या सेमिस्टरसमोर "निकाल राखीव". आई रोज विचारायची, काय गं नापास झालीस का, खरं सांग.

आणि ट्रान्स्क्रिप्टवर काय, तर १.७, २.० आणि २.३. आईने चष्मा लावून बघितलं, "दहापैकी?" जर्मनीत १.० सगळ्यात वरचा, ४.० ला पास, ५.० म्हणजे गचकलात. परीक्षा विभागातल्या काकांनाही हेच समजावलं, ते म्हणाले बेटा कॉम्प्युटरमध्ये दहापैकीच टाकता येतं. शेवटी सरच मदतीला आले. बव्हेरियन फॉर्म्युला म्हणून एक आहे, जर्मन लोक परदेशी मार्क त्यांच्या स्केलवर आणायला वापरतात, सरांनी तो उलटा फिरवला, आपले जास्तीत जास्त दहा, पासिंग चार धरून. १.७ चे झाले ८.६, २.० चे ८, २.३ चे ७.४.

क्रेडिटचं मिटवलं ते मोड्यूल हँडबुकच्या, म्हणजे तिकडच्या विषयांच्या माहितीपुस्तिकेच्या, एका पानाने. त्यात स्पष्ट छापलेलं असतं, वर्गात ६० तास, स्वतःचा अभ्यास २४० तास, एकूण ३००. ते पान मी तिन्ही मोड्यूल्सचं प्रिंट काढून, पिवळ्या पेनाने ओढून, अर्जाला जोडलं, वर तीस ईसीटीएस म्हणजे पूर्ण सेमिस्टर असं तिकडच्या ऑफिसचं पत्र. मीटिंग झाली, अख्खं सेमिस्टर धरलं. हे पान जायच्या आधीच ॲग्रीमेंटला जोडा, साइटवरून डाउनलोड करून ठेवा, नंतर नवीन वर्षाचं हँडबुक येतं आणि जुनं शोधत बसावं लागतं, मी बसलेय.

मार्कशीटवर तीन विषय आलेत. रकाना छोटा, नावं लांब, त्यामुळे तिन्ही अर्ध्यात तुटलीत, आणि त्या चर्चबाहेरच्या पेपरवाल्या विषयाचं तर नुसतं "सेमि" एवढंच उरलंय. दुरुस्तीचा अर्ज असतो म्हणे, पन्नास रुपये आणि दोन फोटो. मी काही तो भरणार नाहीये.