गाळ किती काढायचा, हे कुणाला विचारायचं?

सिन्नर तालुक्यात आमचं गाव. गावाच्या वरच्या अंगाला १९७२च्या दुष्काळी कामावर बांधलेला पाझर तलाव आहे. त्याच्या भरावावर माझ्या आईने मातीच्या पाट्या वाहिल्यात. दिवाळीनंतर पाणी ओसरू लागलं की कडेचा चिखल उघडा पडतो आणि त्यात शेकाटे, तुतवार असे पक्षी उतरतात. आतल्या पाण्यात थापट्या बदकं असतात, एखाद्या वर्षी चक्रवाकही. नांदूर मधमेश्वरच्या अभयारण्यात जे पक्षी बघायला लोक लांबलांबून येतात, त्यातले कितीतरी मी लहानपणापासून घरच्या तळ्यावर बघत आलोय.

गेल्या काही वर्षांत मात्र बेशरमीच्या झुडपांनी अर्धा काठ गिळला. सांडव्याकडे प्लास्टिक साचलं. आम्ही आठ-दहा जणांनी ट्रस्ट काढला, एका कारखान्याकडे सीएसआर निधी, म्हणजे कंपन्या सामाजिक कामासाठी देतात तो पैसा, मागितला. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या: असा निधी घ्यायला लागणारी ट्रस्टची सीएसआर-१ नोंदणी हवी आणि तज्ज्ञाने केलेला तीन वर्षांचा आराखडा हवा. नोंदणी आमच्या सीएने करून दिली. तज्ज्ञ शोधण्यात वर्ष गेलं.

पहिल्यांदा आम्ही बाहेरच्या एका मोठ्या शहरातली संस्था नेमली. त्यांची माणसं एकदाच आली, दोन तास थांबली, ड्रोन उडवून गेली. महिन्याभरात बासष्ट पानांचा गुळगुळीत अहवाल आला. मी तो रात्री जेवणानंतर वाचायला घेतला. एका पानावर काठाने खारफुटी लावण्याची शिफारस होती. सिन्नरच्या माळावर खारफुटी! दुसऱ्या कुठल्या तरी किनाऱ्याचा अहवाल नाव बदलून आमच्या गळ्यात मारला होता. पुढे सगळा तलाव एकसारखा खोल करायचा, चारी बाजूंनी दगडी पिचिंग, मध्ये बेट, कडेने चालायला पेव्हर ब्लॉक. निम्मी रक्कम आम्ही आधीच दिली होती आणि ती गावातल्या लोकांची वर्गणी होती. परत मागितली तर त्यांनी करारावर बोट ठेवलं. करारात फक्त ‘अहवाल सादर करणे’ एवढंच होतं, आणि अहवाल सादर झाला होता. ते पैसे गेले. त्याचं दुःख मला अजून आहे.

जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेला मी नांदूर मधमेश्वरला जातो. तिथे नाशिकच्या एका मॅडम भेटल्या. वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, आता जिल्ह्यातल्या तळ्यांची पाहणी करून देतात. मी त्यांना सगळी हकिकत सांगितली. दर विचारला तर म्हणाल्या, "आधी तळं बघू द्या." दोनदा स्वखर्चाने आल्या. पहिल्या दिवशी भरावावर उभं राहून विचारलं, "तळ्यावर कोण कोण येतं, कुठल्या महिन्यात?" मी पक्ष्यांची यादी सुरू केली. त्यांनी हात वर केला. "पक्षी मी बघीन. माणसं सांगा, दादा."

मला पटकन सांगता येईना. पाणी मागे सरकलं की पाच घरं गाळपेरावर हरभरा करतात. दोन कुटुंबं मासे धरतात. उन्हाळ्यात मेंढ्यांचे वाडे उतरतात. या सगळ्यांशी मॅडम बोलल्या, आणि सगळ्यात जास्त वेळ बसल्या मासे धरणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांपाशी. त्यांनी बाबांकडून एक बांबू मागून घेतला, त्यावर ऑइलपेंटने वीत-वीत अंतरावर लाल पट्टे मारले. बाबांच्या थर्माकोलच्या तराफ्यावर दोघं बसले. बाबा बांबू तळाला टेकवून मोठ्याने आकडा सांगायचे, मॅडम वहीत लिहायच्या. दोन सकाळी लागल्या. त्या मापांवरून तळाचा जो नकाशा झाला, त्यात उगवतीच्या अंगाला तळ अगदी हळूहळू उतरत जातो हे स्वच्छ दिसत होतं.

त्या नकाशाने माझं मत बदललं. गाळ म्हणजे तळ्याचा रोग, तो काढला की तळं बरं होतं, असं मी धरून चाललो होतो. मॅडम म्हणाल्या, "नांदूर मधमेश्वरला पक्षी कशामुळे आले? गोदावरी-कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यात गाळ साचला, उथळ दलदल झाली, म्हणून." थापट्या बुडी मारत नाही, चपट्या चोचीनं वरचं पाणी गाळून खातो. शेकाट्याला पाय बुडतील एवढंच पाणी लागतं. सगळीकडे पोकलेन घातला तर दोघांचंही ताट उचललं जाईल. म्हणून उगवतीच्या काठाला हात लावायचा नाही, फक्त बेशरम मुळासकट उपटायची. गाळ भरावाकडच्या डोहातूनच काढायचा, म्हणजे खालच्या विहिरींना आणि माशांना मे महिन्यापर्यंत पाणी राहील. पिचिंग नाही, बेट नाही. मला निरीक्षण मनोरा फार हवा होता, त्यालाही त्यांनी नाही म्हटलं. त्यावरून आमची चांगलीच वादावादी झाली. शेवटी मनोऱ्याचे पैसे शाळेला दुर्बिणी घेण्यासाठी ठेवले.

आणखी एक गैरसमज त्यांनी वेळेत दूर केला. तळ्याला ‘पाणथळ’ म्हणून सरकारी संरक्षण मिळेल, अशी आमची आशा होती. पण २०१७च्या पाणथळ नियमांतून सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळलेले आहेत. नांदूर मधमेश्वरही बंधाराच, पण ते १९८६पासून अभयारण्य आहे आणि राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, त्यामुळे त्याची गोष्ट वेगळी. आमच्या हातात होता ग्रामसभेचा ठराव, आणि तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्या जिल्हा परिषदेची लेखी परवानगी. त्या परवानगीसाठी सात खेपा झाल्या.

या वेळी करार नीट केला. पैसे चार हप्त्यांत: तळाचा नकाशा हाती आल्यावर, वापरणाऱ्या सगळ्यांच्या बैठका झाल्यावर, मराठी मसुदा गावात वाचून दाखवल्यावर आणि शेवटचा आराखडा दिल्यावर. मोजमापांच्या वह्या ट्रस्टच्या मालकीच्या. दर हप्त्यातून दहा टक्के टीडीएस कापायचा, हेही आधीच बोलून घेतलं. मॅडमना जानेवारीची आणि मे महिन्याची, दोन्ही मापं हवी होती. कारखान्याला मार्चमध्ये कागद हवा होता. आम्ही त्यांच्या अधिकाऱ्यांना तळ्यावर नेलं, काठावर बसवून चहा पाजला, पाणी आणखी किती मागे जाणार आहे ते दाखवलं. त्यांनी अंतरिम अहवालावर पहिला निधी सोडला.

मसुदा मारुतीच्या पारावर वाचला. गाळपेरवाले पहिल्यांदाच बोलले. जमीन सुटणार या भीतीने ते वर्षभर आमच्याशी नीट बोलत नव्हते. मॅडमनी नकाशा अंथरला आणि पेरा कुठवर न्यायचा ते त्यांनाच दाखवायला सांगितलं. तिथे आता चुना लावलेले दगड आहेत. त्या रेषेच्या आत फवारणी करायची नाही, हे त्यांच्यातल्याच एका वहिनींनी सुचवलं आणि ठरावात आलं.

डोहातला गाळ यंदा निघाला, शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर लावून आपापल्या रानात नेला. तो बांबू बाबांच्या झोपडीला टेकवून ठेवलेला असतो. दर अमावास्येला ते भरावाजवळ पाणी मोजतात आणि मला फोन करतात. काल म्हणाले, "नऊ वीत भरलं, भाऊ. अन् उगवतीला पाखरं बसलीत."